शेवट धरून मोजताना

शून्य ते दोनशे पंचावन्न, दोन्ही टोकं धरून. एका बाइटमध्ये मावणारे सगळे आकडे. रस्ट भाषेत ही रेंज एका ओळीत लिहून होते आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र त्या ओळीने वर्षानुवर्षं गुंतवून ठेवलं आहे.

शेवट वगळणाऱ्या रेंजचं काम सरळ असतं. सुरुवात आणि शेवट सारखे झाले की संपलं. एका तुलनेत निकाल लागतो. शेवट धरायचा म्हटला की दोन्ही सारखे झाल्यावरही एक आकडा द्यायचा उरतोच. तो दिला, मग पुढे काय? सुरुवात एकाने पुढे न्यावी तर २५५ च्या पुढे बाइटमध्ये जागा नाही. शेवट मागे घ्यावा तर शून्याच्या मागे जाता येत नाही. रेंज संपली, ही गोष्ट लिहून ठेवायची कुठे?

स्टँडर्ड लायब्ररीत एके काळी याची एक युक्ती होती. शेवटचा आकडा देऊन झाला की सुरुवातीला एक आणि शेवटाला शून्य ठेवायचं. एक ते शून्य म्हणजे रिकामी रेंज, वेगळी नोंद नको. मला ती युक्ती अजूनही देखणी वाटते. पण त्यासाठी रेंजमधल्या प्रत्येक प्रकाराला 'तुझा एक कोणता, तुझा शून्य कोणता' हे सांगावं लागे, आणि ते आकड्यांपलीकडे टिकणारं नव्हतं. शिवाय संपलेली रेंज कुणी छापून पाहिली तर १ आणि ०. आपण तर ते लिहिलेच नव्हते! २०१८ च्या मे महिन्यात १.२६ आवृत्तीत ही रेंज सर्वांसाठी पक्की झाली. आज तिच्या पोटात सुरुवात, शेवट आणि 'संपलं' हे सांगणारा एक फ्लॅग अशा तीन गोष्टी आहेत.

तो फ्लॅग मला सलतो. प्रत्येक फेरीला आधी विचारायचं, संपलं आहे का? मग विचारायचं, सुरुवात शेवटाच्या आत आहे ना? मग पुन्हा, हा शेवटचा तर नाही? लूपला बाहेर पडायच्या वाटा वाढल्या की कंपायलर बिचकतो. शेवट वगळलेल्या लूपमध्ये तो चार-आठ आकडे एकदम उचलतो. इथे पुष्कळदा एकेक करत बसतो. फ्लॅगची तपासणी लूपबाहेर का काढत नाही, असं कुणीही विचारेल. फिरून फिरून होणारं तेच काम लूपबाहेर काढण्याच्या विद्येत आपल्याकडे मोठं काम झालेलं आहे. मोरेल आणि रेनव्हाझ यांच्या १९७९ च्या पद्धतीला व्यवहारात आणण्यावर पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी लिहिलं, आणि पुढे त्यांनी व उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये त्या साऱ्या विश्लेषणाची व्यापक उपपत्ती मांडली. आमच्या पिढीने महाराष्ट्रातल्या कॉलेजांत सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग वाचलं ते ढमढेरेंच्याच पुस्तकांतून. पण बाहेर काढायचं ते काम दर फेरीला तेच उत्तर देणारं असावं लागतं. हा फ्लॅग सगळ्या फेऱ्यांत 'नाही' म्हणतो आणि अगदी शेवटी 'होय'. तेवढ्या एका 'होय'साठी तो आतच राहतो.

सगळी रेंज एकदम चालवणाऱ्या फोल्डने चालवलं तर हा त्रास नाही. तिथे लूप लायब्ररीच्या हातात असतो: सुरुवात शेवटापेक्षा लहान असेतो सरळ चालायचं, आणि शेवटचा आकडा लूप संपल्यावर वेगळा द्यायचा. असेंब्ली पाहावी, इतकी स्वच्छ. पण साधा फॉर लूप फोल्ड वापरत नाही. तो दर फेरीला एकच आकडा देणाऱ्या नेक्स्टलाच हाक मारतो, कारण त्याच्या आतून कुणी ब्रेक करील, कुणी थेट फंक्शनबाहेर पडेल. लोक तर फॉरच लिहितात. लिहावाच. तो वाचायला बरा.

त्यात ही रेंज दोन्हीकडून खाता येते. रापण ओढताना दोन दोर किनाऱ्यावर असतात, दोन्हीकडची माणसं आपापल्या चालीने ओढतात आणि जाळं मधे आवळत येतं. तसंच इथे एकजण पुढून घेतो, एकजण मागून. शेवटचा आकडा कुणीही उचलला तरी दुसऱ्याला ते कळलंच पाहिजे. हे न कळल्याने काय होतं ते झिपमध्ये दिसलं. दोन इटरेटर (एकेक किंमत पुरवणारे) जोडीने चालवणाऱ्या झिपला वेग यावा म्हणून लायब्ररीत सीमा न तपासता वाचण्याची खास वाट केलेली आहे. १.५२ च्या आधीच्या आवृत्त्यांत पुढून आणि मागून मिसळून घेतलं तर तीच जागा दोनदा वाचली जाण्याची शक्यता होती, आणि २०२१ मध्ये ती सुरक्षेतली त्रुटी म्हणून रीतसर नोंदली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्यासमोरून गेलं. वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं. झिपचा कोड मी कागदावर छापून ठेवला होता. दिवसा उजेडात पडवीत बसून पेन्सिलने तो वाचला. इतकं लक्ष देऊन मी पडद्यावर कधी वाचलेलं नाही. तेव्हापासून वेगासाठी घेतलेल्या आडवाटेबद्दल माझं मत कडक झालं आहे.

रस्टच्या लायब्ररीतलं माझं कामच बदललं ते मात्र शेजारच्या मुलीमुळे. कुडाळला इंजिनिअरिंग शिकते. मालवणी मजकुरातली अक्षरं मोजायला तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता, 'क' पासून 'ह' पर्यंत फिरणारा. अक्षरांच्या रेंजवर असं फिरणं रस्टमध्ये २०२० च्या १.४५ पासून जमतं. तिथे शेवट धरण्यावाचून गत्यंतर नाही, कारण वगळायचा म्हटला तर 'ह' च्या पुढचं चिन्ह लिहावं लागेल, आणि युनिकोडमध्ये त्या जागी काश्मिरीसाठीचं एक स्वरचिन्ह आहे. मराठी मुलीने स्वतःच्या मुळाक्षरांचा शेवट काश्मिरी चिन्हाने का सांगावा? (त्या क्रमात 'ळ' हा 'ह' च्या आधीच बसवला आहे, हे मला आजही खटकतं.)

तिने लायब्ररीचा कोड उघडला आणि विचारलं, "काका, ह्यो फ्लॅग कित्याक होयो?"

मी वर लिहिलं ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण रेंज म्हणजे नुसती दोन टोकां. ती संपतली कशी? संपता ता फिरणारा. मगे फ्लॅग रेंजीत कित्याक?"

मी गप्प झालो. मी फ्लॅग लहान कसा करावा, कुठे लपवावा, कंपायलरला कसा समजवावा, यातच रमलो होतो. यात माझा अहंकार होता, हे लिहायला हरकत नाही. प्रत्येक आवृत्तीबरोबर सहभागी झालेल्यांची यादी निघते. मी ती आधी आपलं नाव शोधत वाचतो. एखाद्या लूपमधली एक सूचना कमी झाली की दिवसभर छाती फुगलेली असते. ती सूचना कमी झाल्याचं जगात कुणालाही जाणवणार नाही, हे कळत असूनही.

तिचा प्रश्न नवा नव्हता. रेंज आणि इटरेटर वेगळे करावेत असा प्रस्ताव, आरएफसी ३५५०, रस्टमध्ये मंजूर झालेला आहे: रेंज नुसती टोकं सांगेल, त्यातून इटरेटर निघेल आणि संपल्याची नोंद त्याच्यापाशी राहील. मी तो वाचलेला होता, पण तिने विचारेपर्यंत तो मला स्वतःच्या कामाशी जोडता आला नव्हता. यानेही फॉर लूप आपोआप वेगवान होणार नाही. शेवटच्या आकड्याची अडचण तशीच उभी आहे. पण निदान ती योग्य घरात जाईल.

गो भाषेने २०२४ च्या १.२३ मध्ये दुसरी बाजू घेतली: लूपचं अंगच फंक्शन म्हणून इटरेटरच्या हाती द्यायचं. म्हणजे लूप इटरेटरच्या ताब्यात. शेवट धरणं तिथे सोपं. पण दोन इटरेटर जोडीने चालवायचे झाले की त्यांना पुन्हा ओढून घेण्याची वेगळी सोय लागते. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेत १९७० च्या दशकात इटरेटर आले, तेही लूपला एकेक किंमत पुरवणारेच. गोच्या लोकांचा निर्णय मला प्रामाणिक वाटतो. आमच्याकडचा मला जास्त आवडतो.

खंत वेगळीच आहे. हल्ली मशीनकडून लिहून घेतलेल्या सुधारणा पुढे येतात. सोबत बेंचमार्कचे आकडे असतात, पण ते का बदलले हे विचारलं तर पाठवणाऱ्याला सांगता येत नाही, कारण त्याने असेंब्ली उघडलेलीच नसते. उद्या कंपायलरची नवी आवृत्ती आली की ते आकडे उलटतात आणि कारण माहीत असलेलं कुणी उरत नाही. लायब्ररीतली ओळ लाखोंच्या प्रोग्रॅममध्ये धावते. ती न समजता बदलणं मला मान्य नाही.

म्हणून या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. इटरेटरमध्ये काही बदलाल तर बेंचमार्कसोबत त्या लूपची आधीची आणि नंतरची असेंब्ली जोडा, आणि कोणती तपासणी का गेली ते आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहा.