शॉकअपचं सील आणि मजुरीची घासाघीस

सुट्या भागांच्या छापील किमतीवर आपण कधी वाद घालत नाही. वाद घालतो तो मजुरीवर. हे मला माझ्याच मोटारसायकलने दाखवून दिलं.

पावसाळ्यानंतर पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल झिरपू लागलं. गॅरेजवाले भाऊ म्हणाले, दोन्हीकडची सीलं आणि तेल बदलावं लागेल. सामानाचे साडेचारशे, मजुरी सहाशे. साडेचारशे मी मुकाट मान्य केले. मजुरीवर मात्र म्हणालो, "तासाभराचं तर काम. तीनशे घ्या."

ते हसून म्हणाले, "नाही जमत, दादा."

मग काय, स्वावलंबन! व्हिडिओ पाहिले, सामान आणलं आणि रविवारी चाक खोललं. आधी वरचं झाकण काढलं, स्प्रिंग काढली, तेल ओतून टाकलं. खालचा ॲलन बोल्ट फिरवायला गेलो तर आतली दांडीही सोबत फिरायला लागली. दुपार त्यातच गेली. नवं सील स्क्रूड्रायव्हरने ठोकून बसवलं. चार दिवसांत पुन्हा गळती सुरू झाली आणि तेल डिस्कवर उतरलं. चौकात ब्रेक दाबला, गाडी थांबेना. समोर शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. थोडक्यात निभावलं.

गाडी ढकलतच त्यांच्याकडे नेली. त्यांनी शॉकअपच्या पाइपवरून नख फिरवलं आणि गंजाचा बारीक खड्डा नेमका शोधला. मला तो दिसलाही नव्हता. "खालचा बोल्ट आधी ढिला करायचा. स्प्रिंगचा दाब असतो तोवर दांडी फिरत नाही." खड्ड्याची धार त्यांनी बारीक पॉलिश पेपरने घासली, नवं सील मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ बसवलं, दोन्हीकडे तेल मोजून सारखं भरलं. ब्रेकचे पॅडही बदलले. तासाभराचं काम खरंच, पण त्या तासामागे वीस वर्षं होती.

मित्रांनो, मजुरी देणाऱ्याने मर्जीने ठरवायची, ही सवय कुठून आली? आपल्या आजोबा-पणजोबांना विचारा. महार वतनात राबायचं दिवसरात्र आणि बलुतं मिळायचं देणाऱ्याच्या मनावर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या मनमानीविरुद्धच. हाताने काम करणाऱ्याला खालचा मानायचं आणि मग त्याच्या कामाचं मोलही खालचं लावायचं, हे जातीनेच शिकवलं. तो धडा मी, निळा झेंडा खांद्यावर घेणारा, गॅरेजच्या दारात गिरवत होतो.

कुणी म्हणेल, मग स्वतः काही करूच नये का? जरूर करावं. पाइपवरची माती पुसा, गळती तपासा, जमेल तर शिकून सीलही बदला. हात काळे करण्यात कमीपणा नाही. पण शिकायचं तर कारागिराशेजारी उभं राहून, त्याला गुरू मानून शिका. त्याची मजुरी बुडवण्यासाठी नको. माझं स्वावलंबन तीनशे रुपयांच्या कंजूषपणाला दिलेलं गोंडस नाव होतं.

त्या दिवशी मी सहाशे दिले, घासाघीस न करता. पुढच्या वेळी सील बदलताना शेजारी उभं राहू द्याल का, असंही विचारलं. ते म्हणाले, "या की. पण सकाळी लवकर."

जय भीम!