लंडन बघणारे, तोरणमाळ बघणारे



कामानिमित्त लंडनला गेलो होतो. परतायच्या आदल्या दिवशी मोकळा वेळ मिळाला, म्हणून टूर बसचं तिकीट काढलं. सेंट जेम्स राजवाड्याजवळ कानातल्या यंत्राने राजे-राण्यांची सगळी कुळकथा ऐकवली. पहिल्या गोलमेज परिषदेच्या बैठका याच राजवाड्यात झाल्या. अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि रेट्टमलाई श्रीनिवासन तिथे बोलले. त्याबद्दल अवाक्षर नाही!

कुणी म्हणेल, टूर बस म्हणजे काही इतिहासाचा तास नव्हे. मान्य. पण राजाच्या लग्नांना वेळ असतो आणि हक्क मागणाऱ्यांना नसतो, हा योगायोग नाही. कुठे थांबायचं आणि कुठून पुढे जायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

मी उतरलो आणि भुयारी रेल्वेने चॉक फार्मला गेलो. तिथून चालत 10, किंग हेन्रीज रोड. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये अभ्यास अर्धवट सोडावा लागलेले बाबासाहेब 1920 मध्ये पुन्हा लंडनला आले. 1921-22 मध्ये ते या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये हे घर घेतलं. तरी स्थानिक कॅम्डेन कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली. कारण काय, तर राहण्याची जागा कमी होते! अपील होऊन मार्च 2020 मध्ये मंजुरी मिळाली. घरात पाऊल ठेवताना, का कोण जाणे, मी चपला काढायला वाकलो. तिथे तशी पद्धत नाही.

हा राग घेऊनच परतलो. पुढच्याच आठवड्यात तोरणमाळला पाड्यावर बैठक होती. मोबाइलवरचे फोटो दाखवले. एका पावरा आजीने विचारलं, "इतके राजवाडे. माणसं कुठंयत?"

मी गप्प. मीसुद्धा कॉलेजच्या सहलीत पहिल्यांदा इथे आलो, तेव्हा यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर बघून संध्याकाळी घाट उतरलो होतो. एमए समाजशास्त्राचं चाललं होतं, आणि एकाही पाड्यात गेलो नव्हतो. सहलीचं पत्रक तेवढंच होतं, आणि ते मीच लिहिलं होतं.

आजींना त्या घराचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "भाडं किती होतं?"