पांढरी की लाल?

२००६ च्या दिवाळीत धाकट्या भावाने जाहीर केलं, "आता नवा टीव्ही घेऊया." अव्वा काही बोलली नाही. उठून टीव्हीवरचं विणलेलं कापड तेवढं सरळ केलं. आम्ही काय ते समजलो. १९९२ साली बाबांनी हप्त्याने आणलेला टीव्ही होता तो, आणि बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

भावाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट बुरशी धरू लागली, म्हणून मी तिची डीव्हीडी करून घेतली होती. आता प्लेअर हवा होता, आणि तो या जुन्या टीव्हीला जोडता यायला हवा होता.

मी टीव्हीच्या पाठीचं चित्र कागदावर काढलं आणि खडेबाजार गाठला. दुकानदाराने हिरव्या-निळ्या-लाल कंपोनंट भोकांचा महागडा प्लेअर पुढे केला. "चित्र एकदम क्लिअर बघा, साहेब." ते खोटं नव्हतं. पण तशी भोकं टीव्हीलाही हवीत ना! आमच्याकडे अँटेनाचं एक, चित्राचं पिवळं एक आणि आवाजाचं पांढरं एक. कागद बघून तो हसला आणि त्याने साधा प्लेअर काढला. "नुसतं अँटेनाचं भोक असतं, तर मधे आरएफ मॉड्युलेटर घालावा लागला असता," तो म्हणाला. "व्हीसीआरमधून जोडलं तर?" मी विचारलं. "नको. पुष्कळ डीव्हीडींवर नक्कल रोखायची सोय असते. चित्र मधेच अंधारतं, मधेच उजळतं."

घरी येऊन सेटिंगमध्ये 'पाल' आणि '४:३' निवडलं. पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात. लाल पिनेला जागाच नव्हती, ती लोंबकळत राहिली. आधी अव्वासाठी 'बंगारद मनुष्य' लावला, मग माझ्यासाठी 'पिंजरा'. दोन्ही १९७२ चे, आमच्या घरासारखे एक कानडी, एक मराठी. दोन्हींचा आवाज खणखणीत.

संध्याकाळी सगळे जमल्यावर लग्नाची डीव्हीडी घातली. अक्षता पडल्या, वाजंत्री हलली, पण आवाज नाही. पंगतीत बाबा जिलेबीचं ताट घेऊन वाकून काहीतरी म्हणत होते. अव्वाने माझ्याकडे पाहिलं. "अवर दनी एल्ली?"

माझं लक्ष त्या लोंबकळणाऱ्या लाल पिनेकडे गेलं. पांढरी म्हणजे डावीकडचा आवाज, लाल म्हणजे उजवीकडचा. सिनेमाचा आवाज दोन्हीकडे सारखा होता, म्हणून काही जाणवलं नाही. कॅसेटची डीव्हीडी करताना मात्र आवाज एकाच बाजूला उतरला होता. पांढरी उपसून त्याच भोकात लाल बसवली, सीन मागे नेला, आणि बाबा कन्नड व्याह्यांना आग्रह करत बोलले, "अजून एक घ्या हो. सावकाश ऊटा माड्री!"

"बंतु," अव्वा हळूच म्हणाली. मग तोच सीन तीनदा मागे न्यायला लावला.

आजही कुणाच्या घरी असा टीव्ही असेल, तर प्लेअर घेण्याआधी टीव्हीची पाठ बघा. हल्लीच्या काही प्लेअरना नुसतं एचडीएमआय असतं, मग मधे कन्व्हर्टर लागतो. आणि आवाज आला नाही, तर डीव्हीडी टाकून देण्याआधी दुसरी पिन लावून बघा. आपलं माणूस त्या बाजूला बोलत असेल.