अनुभव पाहिजे

सल्ला देणें हा प्राध्यापकी पेशाला जडलेला जुना विकार आहे. तीस वर्षें अर्थशास्त्र शिकविल्यामुळें आमच्या बाबतींत तो फारच बळावला आहे. वर्गाबाहेरचें जगही वही उघडून आमच्याच शब्दांची वाट पाहत बसलें आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. २०२० सालीं या विकाराच्या भरांत आम्हीं एक सल्ला दिला. आमच्या घरीं पोळ्या करावयास येणाऱ्या बाईंची थोरली मुलगी बारावी झाली होती. 'सर, पोरीला पुढं काय शिकवूं?' असें बाईंनीं विचारलें. आम्ही क्षणाचाही विलंब न लावतां म्हणालों, 'नर्सिंग! रोगी कांहीं जगांतून संपत नाहींत. नर्सला काम कधीं कमी पडावयाचें नाहीं.'

काळही सल्ल्याला अनुकूल होता. त्याच वर्षीं मार्चमध्यें साऱ्या देशानें सज्जांत उभें राहून डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठीं टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या होत्या. आमच्या घरच्या थाळीला त्या दिवशीं पडलेला पोचा अजून तसाच आहे.

मुलगी हुशार निघाली. कर्ज काढून चार वर्षांत ती बी.एस्सी. झाली, परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी झाली, आणि प्रमाणपत्रांची पिशवी काखोटीस मारून ती पुण्यांतील रुग्णालयांचे उंबरे झिजवूं लागली. जेथें जावें तेथें एकच प्रश्न : 'अनुभव किती?' 'सर, पहिली नोकरी कुणी दिलीच नाही, तर अनुभव आणायचा कुठून?' असें तिनें एके दिवशीं आम्हांस विचारलें. वेड गेल्याशिवाय लग्न होईना आणि लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, ही म्हण आम्हांस ठाऊक होती. त्यावरचा तोडगा ठाऊक नव्हता.

आमचे एक डॉक्टर मित्र लहानसें रुग्णालय चालवितात. त्यांनीं यांतील हिशेब समजावून दिला. दिवस ओढगस्तीचे असले कीं टाळतां येण्याजोग्या शस्त्रक्रिया लोक पुढें ढकलतात, खाटा रिकाम्या राहतात, आणि मालकाची पहिली कात्री परिचारिकांच्या संख्येवर चालते. नवशिकी घ्यावी, तर जुन्या सिस्टरला कांहीं महिने तिच्या पाठीशीं उभें राहावें लागतें. आणि हात बसला कीं ती अधिक पगारावर मोठ्या रुग्णालयांत नाहीं तर आखातांत जाते. म्हणून प्रत्येकाला वाटतें, तिला तयार दुसऱ्यानें करावें आणि तयार झालेली आपण घ्यावी. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेंतही असेंच घडलें. घरची दुसरी मिळकत बुडण्याच्या धास्तीनें निवृत्तीला आलेल्या परिचारिका कामावर टिकून राहिल्या, घरीं बसलेल्या परत आल्या, आणि तुटवड्याची हांक ऐकून शिकलेल्या नव्या मुली दाराबाहेर राहिल्या.

गंमत अशी कीं, तुटवडा खोटा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें २०२३ सालीं जगांत ५८ लाख परिचारिका कमी होत्या. मग शिकलेल्या मुली बेकार कां? याचें उत्तर आम्ही दरवर्षीं जूनमध्यें फळ्यावर लिहितों : गरज म्हणजे मागणी नव्हे, गरजेच्या पाठीशीं पैसा उभा राहिला म्हणजेच तिची मागणी होते. सल्ला देतांना आमचेंच हें वाक्य आम्हांस आठवलें नाहीं. रमाबाई रानड्यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन काढलें आणि पुढें स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्या शिकावयास धाडलें, तेव्हां समाज नाक मुरडी. आज नाक कोणी मुरडीत नाहीं; खिशाला हात मात्र कोणी लावीत नाहीं.

हा 'कोणी' म्हणजे सरकार व रुग्णालयें, असें म्हणून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु ती मुलगी शेवटच्या वर्षाला असतांना आमच्या मातोश्री अंथरुणास खिळल्या. शिकलेली परिचारिका ठेवावी कीं ब्यूरोची न शिकलेली बाई, हा प्रश्न आमच्याच घरीं आला. आम्हीं दरांतील फरक पाहिला आणि बाई ठेवली. बाई प्रेमळ होती, पण कूस केव्हां व कशी बदलावी हें तिला कोणी शिकविलें नव्हतें. मातोश्रींच्या पाठीला जखमा झाल्या. शेवटीं तीच मुलगी एका रविवारीं येऊन जखमा धुऊन, कूस बदलण्याची रीत सर्वांना दाखवून गेली. आम्हीं तिला चहा दिला.

गेल्या महिन्यांत तिला नोकरी लागली. लहानसें नर्सिंग होम, सलग रात्रपाळी, पगार ९,००० रुपये. मूळ प्रमाणपत्रें मालकांच्या कपाटांत. लहानांतल्या लहान रुग्णालयांतही परिचारिकेचें वेतन २०,००० रुपयांहून कमी नसावें, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीनें २०१६ सालींच केली होती. पण शिफारशीनें पगार वाढत नाहीं, तसा तो टाळ्यांनींही वाढत नाहीं.

बाई पेढे घेऊन आल्या. धाकटी यंदा बारावीला आहे. 'सर, हिला काय शिकवूं?' त्यांनीं त्याच विश्वासानें विचारलें. तोंडांत पेढा होता, म्हणून विचार करावयास थोडी उसंत मिळाली. मग आम्ही म्हणालों, 'बाई, थोरलीला विचारा. तिला अनुभव आहे.'