संगणकाशी एकी-बेकी

मैत्रिणींनो, एकी-बेकी तुम्ही खेळला असालच. मुठीत चिंचोके धरायचे आणि समोरच्याने ओळखायचे, एकी की बेकी!

उन्हाळ्यात जालन्याच्या दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. म्हणून आठवीतल्या चिरंजीवांच्या मदतीने हा खेळ संगणकाला शिकवायचे ठरवले. मी बी. ए. मराठी, अर्धवेळ शिक्षिका. "आई, तुला जमेल?" त्याने विचारलेच.

पण आज्ञावली म्हणजे तरी काय? फळ्यावर मी लिहिते तीच संकेतार्थी वाक्ये. 'जर आकडा बेकी असेल, तर...' पायथन भाषेत ती वीसेक ओळींत बसली. संगणकाने आधी गुपचूप अंदाज बांधायचा, मी एकी किंवा बेकी दाबली की दाखवायचा. अंदाज नुसता आंधळा, त्यामुळे निम्मे डाव त्याचे, निम्मे माझे.

मग चिरंजीवांनी खोडी काढली. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन यांनी अशाच खेळाच्या यंत्राबद्दल लिहिले होते. ते यंत्र माणसाच्या सवयी टिपून ठेवी. जिंकल्यावर हा तेच धरतो की बदलतो? आणि हरल्यावर? आम्हीही चार ओळी वाढवून तशी नोंद ठेवली.

पन्नास डावांत संगणकाने बत्तीस ओळखले! नोंद पाहिली, तर हरले की मी हमखास बदललेले. खरं सांगू, मला ते लागलं. घरात कुणी नाक मुरडलं की भाजी बदलते मी, बेत बदलते. तीन वर्षांपूर्वी बी. एड.चा फॉर्म आणला होता, तो असाच कपाटात गेला. ह्यांना नुसता आवाज चढवला की पुरे, हे त्यांनाही नोंद न ठेवता ठाऊक असणार.

एवढ्यात सासूबाई चिंचोक्यांची बरणी घेऊन आल्या. मूठ भरायची, उघडून मोजायचे आणि आम्ही आकडा दाबायचा. "आई, मोजून घ्या की," मी म्हटले. "कशाला गं? मोजून घेतले तर त्याला कळेल ना!"

मुठीत किती आले हे त्यांनाच ठाऊक नाही, मग संगणकाला कुठून कळणार? पन्नासांत त्याने चोवीसच ओळखले.

चिरंजीव आता आजीला हरवण्याच्या खटपटीत आहेत. मी फॉर्मची शेवटची तारीख विचारून आले आहे. ह्यांना अजून सांगितलेले नाही.