अण्णांची नावांची वही

छापखान्यात मी उमेदवारी करत होतो तेव्हा अण्णा तिथले मुद्रितशोधक होते. खिळे जुळवून छपाई करण्याचे ते शेवटचे दिवस. परीकथा, जादूच्या कादंबऱ्या, इंग्रजीतून आणलेली रूपांतरं असलं काही आलं की त्याची मुद्रितं अण्णांकडे जायची, कारण दुसरं कोणी ती घ्यायला राजी नसे. भानगड नावांची. एकच राक्षस पहिल्या फॉर्ममध्ये एका तऱ्हेनं लिहिलेला आणि चौथ्यात दुसऱ्या. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम इथे काय कामाचे? अण्णांचा खाक्या वेगळा होता. आधी नावाचं मूळ शोधायचं, त्यावरून उच्चार ठरवायचा आणि मग समासात दुरुस्ती करायची. त्यासाठी पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्यानं शिवलेली एक वही ते खणात ठेवत.

वहीची निम्मी पानं टोल्किननं अडवली होती. त्याचं 'द हॉबिट' 1937 चं. हा माणूस ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक आणि त्याआधी ऑक्सफर्डच्या कोशात डब्ल्यू अक्षराच्या नोंदींवर राबलेला. कोशात राबलेला, एवढ्यावरच अण्णा त्याला आपला मानत. आपल्याकडे दाते-कर्व्यांचा शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश त्यांच्या टेबलावर कायम असत. त्याच पंगतीत त्यांनी टोल्किनला बसवलं होतं.

मी हाताखाली आलो तसं त्यांनी मला पहिलं काम दिलं ते बुटक्यांचं. 'हॉबिट'मधल्या तेरा बुटक्यांची नावं एका बाजूला आणि 'व्होलुस्पा' या जुन्या आइसलँडी काव्यातली बुटक्यांची यादी दुसऱ्या बाजूला. जुळवून दाखव, म्हणाले. ड्वालिन सापडला, किली-फिली सापडले, बोंबुर सापडला. बालिन काही केल्या सापडेना. अण्णा खूश. नाही तो, म्हणाले, आणि नाही हे बघूनच कळतं. थोरिनचं 'ओकनशील्ड' हे बिरुद तिथे निराळ्याच एका बुटक्याचं नाव आहे, आइकिनस्क्याल्दी; टोल्किननं दोघांचा मिळून एक केला. गंमत म्हणजे गँडाल्फही त्याच यादीत उभा आहे. जुन्या नॉर्समध्ये त्याचा अर्थ काठीवाला एल्फ असा काहीसा. म्हणून कच्च्या खर्ड्यात गँडाल्फ हे बुटक्यांच्या म्होरक्याचं नाव होतं आणि जादूगार होता ब्लाडोर्थिन. काठी असलेल्याकडे काठीचं नाव नंतर गेलं. मला विचाराल तर लेखकानं त्या पुस्तकात केलेली सगळ्यात शहाणी दुरुस्ती ती हीच.

ज्या हस्तलिखितात ही यादी आहे ते तेराव्या शतकातलं. सतराव्या शतकात ते आइसलँडच्या एका बिशपच्या हाती लागलं, मग कोपनहेगनला राजाकडे गेलं आणि 1971 मध्ये डॅनिश नौदलाच्या जहाजातून रेक्याविकला परत आलं. धक्क्यावर ते घ्यायला माणसं लोटली होती. जुन्या पोथीसाठी बंदरावर गर्दी, हे अण्णा पुनःपुन्हा सांगत, आणि दर वेळी समोरच्याकडे जरा रागानंच बघत.

देवनागरीत लिहिताना तर हे सगळं फारच कामाला आलं. टोल्किननं परिशिष्टात बजावून ठेवलंय की एल्फांच्या नावांत सी नेहमी 'क'च. म्हणजे सेलेबॉर्न नाही, केलेबॉर्न. एओविनमध्ये जुन्या इंग्रजीतला घोडा आणि आनंद आहेत, थेओडेन म्हणजे नुसता राजा. हॉबिट या शब्दापाशी मात्र वही अडखळते. उत्तरपत्रिका तपासताना एक कोरं पान आलं आणि त्यावर तो शब्द लिहिला गेला, एवढंच टोल्किन सांगतो. 1895 मध्ये छापलेल्या डेनहॅमच्या लोककथासंग्रहात भुताखेतांच्या लांबलचक यादीत हा शब्द आहे खरा, पण टोल्किननं ती वाचली होती याचा पुरावा नाही. अण्णांनी दोन्ही नोंदी केल्या आणि मध्ये रेघ मारली.

आमच्याकडचंही त्यांनी सोडलं नव्हतं. मतकरींच्या नाटकाचं नाव 'अलबत्या गलबत्या'. बोलण्यात 'कोणीही अलबत्यागलबत्या' म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही असा माणूस. तोच नायक झाला, याचं अण्णांना भारी कौतुक.

पुढे मी मुलांची पुस्तकं संपादित करू लागलो, आजही त्यावरच घर चालतं. शिकवणी म्हणून अण्णांनी माझ्याकडून छदामही घेतला नाही. उलट दुपारचा चहा त्यांचाच असायचा. हे फिटणारं नाही, आणि फेडायला गेलो असतो तर त्यांनी हाकलून दिलं असतं.

त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सोबतीला होतो. ड्रेसिंग करताना सिस्टरनं मावशींना हाक मारली, "गॅमजी आणा." अण्णांनी डोळे उघडले. सॅम गॅमजी, फ्रोडोचा सोबती! बर्मिंगहॅमच्या शल्यविशारद जोसेफ सॅम्पसन गॅमजींनी 1880 मध्ये कापूस आणि जाळीदार कापडाची ही पट्टी काढली, टोल्किनच्या लहानपणी तिकडे कापसालाच गॅमजी म्हणत, म्हणून तर सॅमची बायको कॉटन घराण्यातली, आणि 1956 मध्ये लंडनच्या एका खऱ्याखुऱ्या सॅम गॅमजीचं टोल्किनला पत्र आलं होतं, हे सगळं त्यांनी सिस्टरला एका दमात सांगितलं.

"असू दे काका," सिस्टर म्हणाली, "पाय सरळ ठेवा."

पाय सरळ झाला. मग त्यांनी मावशींकडून ते रिकामं वेष्टन मागून घेतलं, चष्मा लावून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "मधलं अक्षर बघ. 'जी'च्या जागी 'जे' छापलाय. वहीत लिहून ठेव."