दोन घरचा पाहुणा

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाहीं. मुलावर माया करणारीं माणसें जितकीं अधिक, तितके त्याला धाक लावणारेही अधिक. आजोबांनीं 'जा' म्हणावें आणि काकांनीं 'थांब' म्हणावें. मूल बिचारें उंबऱ्यावरच उभें राहतें. यंत्राचीही तीच गत होते, हें मात्र आमच्या सांगवीच्या घरांत परवांच प्रत्ययास आलें.

पुतणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची ती शेवटची रात्र. मुदत बारापर्यंत, कागदपत्रें सगळीं तिच्या लॅपटॉपमध्यें तयार, मोबाइलवर तो अर्ज कांहीं केल्या पुढें सरकेना, आणि साडेनऊच्या सुमारास लॅपटॉपवरचें इंटरनेट बंद पडलें! वहिनींनीं देवापुढें निरांजन लावलें, थोरले बंधु इंटरनेटवाल्याला फोन करूं लागले, आणि पुतणी रडकुंडीस आली.

वास्तविक घरांतले सर्व मोबाइल त्याच वाय-फायवर सुरळीत चालत होते. म्हणजे बाहेरून येणारी तार निर्दोष होती. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहिला, तरी तेंच. "काका, जोडलेलें दिसतें, पण पान उघडत नाहीं," ती म्हणाली. दोष लॅपटॉपच्या आंतच होता. अशा वेळीं 'काय बिघडलें' यापेक्षां 'आज काय बदललें' हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. त्याचें उत्तर पुतण्यानें दिलें. बहिणीच्या काळजीनें त्यानें दुपारींच एक नवा अँटिव्हायरस विकत घेऊन बसविला होता. लॅपटॉपबरोबर आलेला जुना, मुदत संपलेला, तसाच आंत होता.

हे रक्षक केवळ फायली तपासून थांबत नाहींत. ब्राउझर आणि बाहेरचें जग यांच्या मध्यें ते स्वतः बसतात व येणारेंजाणारें सर्व आपल्या हातांतून नेतात. एकाच दारांत दोघे बसले, कीं एकानें पुढें केलेलें दुसऱ्यास संशयास्पद वाटतें. दोन घरचा पाहुणा उपाशी, तो असा!

जुन्याचें जाळ्यावरील संरक्षण दहा मिनिटें थांबविलें, पान उघडलें. पुन्हां सुरू केलें, पान बंद. निदान पक्कें झालें. मग त्याच्या निर्मात्यानेंच दिलेलें काढण्याचें साधन उतरवून घेऊन जुना रक्षक समूळ काढला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हां सुरू केला. तरीही अडलें असतें, तर विंडोजमधील 'नेटवर्क रीसेट' हा उपाय उरला होता. त्यानंतर वाय-फायचा पासवर्ड मात्र नव्यानें द्यावा लागतो. ती वेळ आली नाहीं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं अर्ज गेला.

असे प्रसंग थोरामोठ्यांवरही आले आहेत. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफीच्या अँटिव्हायरसनें विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल विषाणु ठरविली, आणि असंख्य संगणक जाळ्यापासून तुटले. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष सुधारणेमुळें सुमारें ८५ लाख संगणक कोसळले. आपल्याकडील विमानतळांवरही प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली.

म्हणून 'ही रक्षकांची ब्यादच नको,' असें बंधु म्हणाले. तें मला पटलें नाहीं. चोर आहेत तोंवर पहारा हवाच. पण विंडोजच्या घरचा डिफेंडर पाहा: दुसरा रक्षक रीतसर आला, कीं तो आपण होऊन मागें सरतो, तो गेला, कीं पुन्हां दारांत उभा राहतो. घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं हें शिकण्यासारखें आहे.

एवढ्या वेळांत पुतण्याचें तोंड अगदीं उतरलें होतें. नवाही काढून टाकूं का, असें त्यानें हळूच विचारलें. पुतणीनें लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "नको, दादा. तुझा राहूं दे."